हायड्राडेनायटिसच्या औषधचाचणीत सहभाग : पात्रता, कागदपत्रे आणि संमतीपत्र

काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली ठणकणारी गळवे वारंवार येणे, ती फुटून पू वाहणे आणि भरलेल्या जागेशेजारीच पुन्हा नवी गाठ उठणे, असा हायड्राडेनायटिस सुप्युरेटिव्हा या आजाराचा क्रम असतो. हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. तरीही संकोचापोटी अनेक जण तो वर्षानुवर्षे लपवतात, आणि त्यामुळे औषधचाचणीसाठी अर्ज करताना त्यांच्या हाती दाखवण्याजोगी नोंदच नसते.

या आजारावर 2015 मध्ये अमेरिका आणि युरोपात मान्यता मिळालेले पहिले जैविक (म्हणजे सजीव पेशींच्या साहाय्याने तयार केलेले) औषध, अ‍ॅडालिमुमॅब, ज्या दोन मोठ्या चाचण्यांच्या आधारे स्वीकारले गेले, त्यांत मिळून 633 रुग्ण सहभागी झाले होते. त्या चाचण्यांत प्रवेशासाठी शरीराच्या किमान दोन भागांत विकृती असणे, त्यांपैकी एक भाग आजाराची तीव्रता तीन टप्प्यांत मांडणाऱ्या हर्ली वर्गीकरणाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात असणे, गळवे आणि सुजलेल्या गाठी मिळून किमान तीन असणे आणि तोंडावाटे घेतलेल्या प्रतिजैविकांचा पुरेसा उपयोग झालेला नसणे, अशा अटी होत्या. दुसरा टप्पा म्हणजे त्वचेखाली पुवाच्या नळ्या आणि व्रण तयार झालेली, पण एकमेकांपासून सुटी असलेली गळवे. तिसऱ्यात हे जाळे संपूर्ण भागभर पसरलेले असते. प्रत्येक चाचणीचे निकष वेगळे असल्याने तिची माहितीपत्रिका आधी मागून घ्यावी.

ओळखपत्र व वयाचा पुरावा, त्वचारोगतज्ज्ञाचे निदानपत्र, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा अहवाल ही कागदपत्रे सहसा लागतात. माझ्या मते मात्र रुग्णाने स्वतः ठेवलेली दैनंदिनी यांच्या इतकीच मोलाची आहे. गाठ कोणत्या तारखेला उठली, कोठे उठली, वेदना शून्य ते दहा या मापावर किती होती, कोणते औषध कधी सुरू झाले आणि कधी थांबले, हे त्यात लिहिलेले असावे. कारण काही औषधे थांबवून ठरावीक आठवडे उलटल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, आणि तारीख नेमकी सांगता आली नाही तर पात्र रुग्णही मागे पडू शकतो.

प्राथमिक तपासणीत रक्ताबरोबर क्षयरोग आणि यकृतदाहाचीही तपासणी केली जाते, कारण प्रतिकारशक्तीवर परिणाम करणाऱ्या औषधांमुळे शरीरात सुप्त असलेला क्षयरोग उसळू शकतो. गर्भधारणा असल्यास किंवा तिची योजना असल्यास ते स्पष्टपणे सांगावे.

चाचणीसाठीची कोणतीही तपासणी करण्यापूर्वी संमतीपत्रावर सही घेतली जाते. ते घरी नेऊन वाचण्याचा, विश्वासू माणसाला दाखवण्याचा आणि न समजलेले प्रत्येक वाक्य विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. काही रुग्णांना औषधाऐवजी निष्क्रिय इंजेक्शन मिळू शकते काय, ते किती आठवडे चालेल आणि त्या काळात वेदना वाढल्यास कोणते उपचार घेता येतील, हे तिथेच विचारावे. सही केल्यानंतरही कोणतेही कारण न देता माघार घेता येते, आणि तेवढ्यावरून तुमचे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक घेऊनच बाहेर पडावे. अपात्र ठरल्यास त्याचे कारण लेखी मागावे. ते केवळ औषधाच्या तारखेशी संबंधित असेल, तर पुन्हा तपासणीसाठी कधी येता येईल तेही विचारून घ्यावे.