तेरा किलोची सायकल बंपरला जड का होते?

गेल्या महिन्यात पानशेतच्या रस्त्याला आमच्या टोळक्यातल्या एकाची ऑफ-रोड गाडी उभी होती. मागच्या लोखंडी बंपरवर सायकल दुरुस्तीचा नवा कोरा स्टँड, त्याच्या जबड्यात माउंटन बाइक आणि खाली फॅब्रिकेशनवाल्याने बांधून दिलेली लिंबू-मिरची. मालक डाव्या पेडलशी झटत होता. क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसतं तो दांडा, पट्ट्याने फ्रेमला जखडून त्याने पाना लावला, अंगाचा भार टाकला, कुठेतरी ‘टक्’ झालं आणि स्टँड सायकलसकट आमच्याकडे वाकून नमस्कार करू लागला. पेडल जागचं हललं नव्हतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात; इतका वेळ तो ते आवळतच होता.

“याच बंपरला पट्टा लावून चिखलातून गाड्या ओढल्यात रे, तेरा किलोने काय होतंय?” हा त्याचा सवाल. सवाल रास्त आहे, पण ‘किती किलो’ एवढंच विचारून भागत नाही. ‘कुठून किती लांब’ हे विचारावं लागतं.

लहानपणचा सी-सॉ आठवा. स्टँडचा खांब बंपरच्या वरच्या पत्र्यावर एका चौकोनी पट्टीने बसवलेला होता. खांबातून निघालेला आडवा हात मागे येतो आणि सायकल खांबापासून साधारण ५० सेंटिमीटरवर लटकते. पट्टीची मागची कड हा सी-सॉचा टेकू. सायकल या टेकूच्या ४५ सेंटिमीटर बाहेर. तिला सावरणारे पुढचे दोन बोल्ट टेकूच्या अवघे १० सेंटिमीटर आत. म्हणजे सायकलच्या बाजूचा एक किलो बोल्टांना साडेचार किलो होऊन भेटतो. नुसत्या १३ किलोला जवळपास ५९ किलो. त्यात आमच्या पैलवानाने पान्यावर ३० किलोचा भार टाकला. एकूण ४३ गुणिले साडेचार, म्हणजे १९३ किलो! दोन जाडजूड माणसं पुढच्या बोल्टांना धरून वर खेचतायत असं समजा.

बोल्ट तुटले नाहीत. फुगला तो पत्रा. गाडी ओढताना पट्ट्याचा हूक चॅसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, पक्का असतो आणि ओढ लोखंडाच्या लांबीच्या दिशेने जाते. इथे तीन मिलिमीटरचा पत्रा डब्याचं झाकण उचकटावं तसा उचकटला जात होता. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. तीनऐवजी सहा मिलिमीटर घ्या, विरोध आठपट. म्हणून पत्र्याखालून जाड, रुंद पट्टी टाकायची आणि बोल्ट तिच्यातून आरपार घ्यायचे. वॉशरवर भागवायचं नाही.

आता खांब. इथे मी थोडा रमणार आहे, ज्यांना आकड्यांचा कंटाळा येतो त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. फॅब्रिकेशनवाला म्हणाला होता, “पाइप कशाला, भरीव सळई लावतो, मजबूत.” ४० मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा पाइप घ्या. तितक्याच वजनाची भरीव सळई जेमतेम २१ मिलिमीटर व्यासाची होते. आपल्या ४३ किलोंमुळे खांबाच्या बुडाशी साधारण २१० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे वाकवणारा जोर, येतो. त्याने सळईत सुमारे २३० मेगापास्कल ताण निर्माण होतो, पाइपमध्ये ७०. साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकतं. त्यात भार अचानक टाकला, तर क्षणभर तो दुप्पट काम करतो. सळई गेली, पाइप शाबूत. कारण वाकताना एका कडेचं धातू ताणलं जातं, दुसऱ्या कडेचं दाबलं जातं आणि मधलं जवळजवळ फुकट बसून असतं. पाइपमध्ये ते मधलं फुकटचं धातू काढून कामाच्या जागी, कडेला, नेलेलं असतं. बांबूला हे कुणी शिकवलं नव्हतं. भिंतीत एका टोकाने रोवलेली तुळई किती भार पेलेल याचं गणित गॅलिलिओने १६३८ साली छापलं, तेव्हा सगळी तुळई खालच्या कडेभोवती वळते आणि सारं धातू सारखंच ताणलं जातं असं त्याने धरलं. उत्तर खऱ्याच्या तिप्पट आलं. तेव्हा आमच्या फॅब्रिकेशनवाल्याला फार बोल लावण्यात अर्थ नाही.

‘एअरक्राफ्ट ग्रेड ॲल्युमिनियम’ असं ठळक छापलेले स्टँडही मिळतात. वाचून छाती फुगते. पण ॲल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या एक तृतीयांश, आणि मिश्रधातूचा ग्रेड कितीही भारी लिहिला तरी त्यात नावापुरता फरक पडतो. त्याच मापाचा खांब तिप्पट लवणार. लिंबू-मिरचीला निदान ग्रेड तरी नसतो.

अमेरिकेत अशा गाड्यांना मागे चॅसिसलाच जोडलेली दोन इंची चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. स्टँड तिच्यात खोचून पिन लावायची. पत्र्याचा प्रश्न मिटतो, पण तिथेही १५ सेंटिमीटर खोलीला एक मिलिमीटर ढिलेपण राहिलं, तर सव्वा मीटर वर जबडा सेंटिमीटरभर डुलतो. काढता येणारा स्टँड मात्र कधीही बरा. दांडी रोवून ठेवली की स्टेपनीचं मागचं दार उघडत नाही, नंबरप्लेट झाकली जाते आणि खड्ड्यांतले हजारो हादरे वेल्डला हळूहळू तडा देतात.

त्या दिवशी आम्ही स्टँड उतरवून गाडीत टाकला. सायकल रस्त्यावर उभी केली. पाना क्रँकशी लहानसा कोन करून लावला आणि दोन्ही एकाच मुठीत धरून कात्री मिटल्यासारखे दाबले, या वेळी उलट्या आट्याच्या बाजूने. बोटं पाना ओढतात तेवढाच तळवा क्रँकला ढकलतो. जोर हातातल्या हातात मिटतो, ना फ्रेमला कळतो ना बंपरला. पेडल सुटलं. मालक फुगलेल्या पत्र्यावर हात फिरवत म्हणाला, “मग स्टँड लागतो कशाला?” गिअर लावायला, म्हटलं.