हेम्पचा परवाना: आधी राज्याचा आदेश शोधा, मग बियाणे

हेम्प म्हणजे भांगेचेच झाड, फक्त नशा आणणारा टीएचसी त्यात नगण्य. तरी झाड भांगेचेच असल्याने लागवड १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. विनापरवाना लागवडीला कलम २० नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ‘हेम्प आता कायदेशीर झालंय’ म्हणत बियाणे खपवणारे एवढे सांगत नाहीत.

सवलत आहे ती कलम १४ मध्ये. धागा किंवा बी मिळवण्यासाठी सरकार आदेश काढून लागवडीला परवानगी देऊ शकते. देऊ शकते, द्यायलाच हवी असे नाही. तुमच्या राज्याने असा आदेश काढला नसेल, तर सातबारा, आधार कितीही जोडा, अर्ज पुढे सरकणार नाही. म्हणून पहिली चौकशी राज्याच्या उत्पादन शुल्क विभागात करा आणि आदेशाची प्रत मागा. तोंडी होकारावर पेरणी नको.

उत्तराखंडने २०१८ मध्ये व्यापारी लागवडीची वाट मोकळी केली. तिथे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. जमिनीचे कागद, लागवडीचे क्षेत्र, माल साठवण्याची जागा आणि चारित्र्य प्रमाणपत्र लागते. पिकात टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर पीक नष्ट करतात. खरी जोखीम इथेच आहे. घरचे राखलेले बी किंवा आसपासच्या रानटी भांगेचे परागकण यांमुळे पुढच्या पिढीत टीएचसी वाढू शकतो. तपासणी अहवाल असलेलेच बियाणे घ्या आणि पावती जपून ठेवा.

शेती न करता फक्त उत्पादने विकायची असतील, तर झाडाचा कोणता भाग वापरणार यावर कार्यालय ठरते. बी, बियांचे तेल आणि पीठ यांना देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी नेहमीचाच खाद्य परवाना लागतो, अर्ज या प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर होतो. टीएचसीची मर्यादा मात्र कडक: बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १०, बियांपासून केलेल्या पेयात ०.२. प्रयोगशाळेचा अहवाल हाताशी नसेल तर माल बाजारात आणू नका. लेबलवर नशा सुचवणारे शब्द किंवा चित्रसुद्धा चालत नाही.

पानांपासून औषध करायचे असेल तर खाद्य परवाना कामाचा नाही. आयुर्वेदात ही ‘विजया’. तिच्या औषधांचा उत्पादन परवाना राज्याचे आयुष परवाना अधिकारी देतात, अर्ज नमुना २४-डी मध्ये. भांग विषारी द्रव्यांच्या अनुसूची ई(१) मध्ये असल्याने पोटात घ्यायच्या औषधाच्या लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना छापावी लागते.