युद्धपूर्व को-ऑप सदनिका (न्यूयॉर्क)

दुसऱ्या महायुद्धाआधी बांधलेल्या इमारतीतले सहकारी मालकीचे घर. न्यूयॉर्कच्या घरविक्रीच्या जाहिरातींत ‘प्रीवॉर’ हा शब्द वयापेक्षा प्रतवारी म्हणूनच येतो: जाड भिंती, नऊ-दहा फुटांवरचे छत, ओकच्या पट्ट्यांची जमीन आणि बैठकीआधी लागणारी प्रशस्त फॉयर, म्हणजे प्रवेशाची खोली. यातला ‘क्लासिक सिक्स’ हा नमुना प्रसिद्ध आहे. बैठक, जेवणघर, स्वयंपाकघर, झोपायच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराला लागून मोलकरणीची चिंचोळी खोली. घरात राहणारी मोलकरीण बहुतेक ठिकाणी केव्हाच गेली. तिच्या खोलीत आता कामाचे टेबल किंवा पाळणा असतो, नाहीतर मधली भिंत पाडून स्वयंपाकघर ऐसपैस केलेले असते.

घर घेणारा कायद्याने घर विकत घेतच नाही. इमारत एका कंपनीची असते. तो त्या कंपनीचे शेअर घेतो आणि त्यांच्याबरोबर त्याला सदनिकेचा भाडेपट्टा मिळतो. दरमहाच्या मेंटेनन्समध्ये नोकरांचा पगार आणि इंधन तर येतेच, शिवाय इमारतीचा मालमत्ता कर आणि तिच्यावर कर्ज असल्यास त्याचा हप्ताही येतो. शेअर सर्टिफिकेट आणि कमिटी या गोष्टी मुंबईकराला नव्या नाहीत. गामदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची आहे. न्यूयॉर्कमधले पहिले प्रयोग १८८० च्या दशकातले.

खरा फरक कंपनीच्या संचालक मंडळाच्या, म्हणजे बोर्डाच्या अधिकारात आहे. इच्छुकाची बँकखाती, प्राप्तिकराची विवरणे, ओळखीच्यांची पत्रे तपासून बोर्ड त्याला मुलाखतीला बोलावते आणि कारण न देता नकारही देऊ शकते. वंश किंवा धर्म पाहून नाकारणे बेकायदा आहे, पण कारणच सांगायचे नसेल तर ते सिद्ध कसे करणार? १९७९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनाही मॅनहॅटनमध्ये असा नकार पचवावा लागला.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातले जॅक्सन हाइट्स हे या घरांचे उत्तम उदाहरण. उन्नत रेल्वे १९१७ मध्ये तिथवर पोचली आणि एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने मध्यमवर्गासाठी को-ऑप पद्धतीने घरे विकायला काढली. इमारती चार रस्त्यांमधल्या चौकोनी जागेच्या कडेने आणि मधोमध सामाईक बाग, जी रस्त्यावरून चालणाऱ्याला जवळजवळ दिसत नाही. ज्यू आणि कृष्णवर्णीय ग्राहकांना तेव्हा तिथे घर मिळत नसे. आज त्याच वस्तीत ७४ व्या रस्त्यावर साड्या, सोने आणि मसाल्यांची दुकाने आहेत. १९९३ मध्ये जॅक्सन हाइट्सचा बराच भाग ऐतिहासिक वस्ती म्हणून संरक्षित झाला.

अशा वस्तीत घराचे नूतनीकरण करायचे म्हणजे परवानग्यांची चळत. खिडक्या आणि दर्शनी भाग बदलायला शहराच्या वारसा आयोगाची मान्यता लागते. घराच्या आत आयोग सहसा डोकावत नाही. तिथे बोर्ड असते: नकाशे, ठेकेदाराचा विमा, अनामत रक्कम, कामाच्या ठरलेल्या वेळा. पुष्कळ इमारतींत ‘ओल्यावर कोरडे’ चालते, ‘कोरड्यावर ओले’ नाही. म्हणजे खालच्याच्या बैठकीवर किंवा झोपायच्या खोलीवर तुमचे न्हाणीघर आणता येत नाही. गळतीवरून शेजाऱ्यांशी भांडलेल्या कुणालाही हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

भिंत फोडली की खरी परीक्षा. गिलाव्याआड कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा सापडतात. शहराने १९६० मध्ये घरांतल्या शिसेयुक्त रंगावर बंदी घातली, त्याआधीचे थर भिंतीवर असू शकतात. सर्वांत खोडसाळ असतो तो खोली उबदार ठेवणारा वाफेचा रेडिएटर. एकनळी पद्धतीत वाफ ज्या नळीतून वर येते त्याच नळीतून पाणी परत जाते, म्हणून रेडिएटरला नळीकडे किंचित उतार हवा. नवी जमीन बसवताना तो उतार गेला की पाणी तुंबते आणि हिवाळ्यात मध्यरात्री कुणी हातोडा मारतोय असे ठोके सुरू होतात. झडप अर्धी उघडी ठेवण्याचा घरगुती उपाय दुखणे वाढवतो. ती पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंदच असावी लागते.

या वाफेच्या नळीने कायदाही घडवला. ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘वन फिफ्थ ॲव्हेन्यू’ या युद्धपूर्व इमारतीतल्या एका सभासदाला स्वयंपाकघर नव्याने करताना उभी नळी थोडी सरकवायची होती. बोर्डाने आधी होकार दिला, मग काम थांबवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बोर्डाच्या बाजूने निकाल दिला: बोर्ड आपल्या अधिकारात, सद्भावनेने आणि इमारतीच्या हितासाठी वागले असेल, तर न्यायालय त्याच्या निर्णयात हात घालणार नाही. को-ऑपमधल्या भांडणांत वकील आजही हाच निकाल पुढे करतात.