वाटी एकीची, तोंड दुसरीचं
(घरात दोन-तीन मांजरं असतील आणि त्यांतल्या एखाद्याला पथ्य असेल, अशा आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्या जळगावच्या दुकानात हा प्रसंग वरचेवर घडतो. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एखाद्या ताई येतात, किडनीच्या पथ्याची पिशवी घेतात आणि पैसे देता देता विचारतात, "घर आखो एक पिल्लू शे. दोन्हीस्ले एकच चालस ना?" त्या वेळी काउंटरवर गर्दी असते, उत्तर दोन वाक्यांत द्यावं लागतं आणि ते अपुरं राहतं. पूर्ण उत्तर द्यायला हे पत्रक लिहिलं आहे.

पथ्याचं खाणं महाग असतं. पण आम्हाला वाईट वाटतं ते पैशांचं नाही. पिशवी घरी जाते, वाटीत पडते आणि आजारी मांजर शेजारच्या वाटीतलं खाऊन झोपतं. घरच्यांना वाटतं पथ्य चालू आहे, डॉक्टरांनाही तसंच वाटतं. आमच्या स्वतःच्या घरी हे घडलं आहे. म्हाताऱ्या बोक्याला किडनीचा त्रास निघाला, तेव्हा त्याची आणि तरुण मांजरीची ताटली आम्ही शेजारी शेजारी ठेवत होतो. ती चार घास खाऊन निघून जायची आणि तिचं उरलेलं तो संपवायचा. महिन्यानंतरच्या रक्ततपासणीत फॉस्फरस तसाच वर होता. डॉक्टरांनी विचारलं, "तो जेवताना तुमच्यापैकी कोण तिथे असतं?" कोणीच नसायचं.

कुणाचं खाणं कुणाला चालतं

किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी असतो आणि प्रथिनंही मोजून असतात. धडधाकट मोठ्या मांजराने त्यातले दोन घास चोरले तर काही बिघडत नाही. पिल्लाला, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मांजरीला मात्र ते रोजचं खाणं म्हणून अजिबात देऊ नका. वाढत्या हाडांना आणि स्नायूंना लागतं तेच त्यात कमी असतं. म्हणजे त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: पिल्लांच्या खाण्यात प्रथिनं, फॉस्फरस आणि उष्मांक भरपूर असतात. ते किडनीच्या मांजराने खाल्लं तर पथ्य मोडतं आणि नसबंदी झालेल्या घरबैठ्या मांजराने खाल्लं तर ते फुगत जातं.

लघवीत खडे होणाऱ्या बोक्यांचं खाणं दोन तऱ्हांचं येतं, आणि पिशवीवरच्या चित्रावरून फरक कळत नाही. स्ट्रुवाइट जातीचे खडे विरघळवणारं खाणं लघवी आम्ल करतं. ते ठरावीक काळापुरतं असतं आणि पिल्लांना किंवा किडनीच्या रुग्णांना चालत नाही. दुसरं, खडे पुन्हा होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं. यातलं काही खाणं घरातली सगळी निरोगी मोठी मांजरं खाऊ शकतात. डॉक्टरांना हे आवर्जून विचारा, कारण "सगळ्यांना चालेल" असं उत्तर आलं तर तुमचे निम्मे कष्ट वाचतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र कुठल्याच खाण्याने विरघळत नाहीत. "मागच्या वेळचीच पिशवी द्या" असं म्हणण्याआधी खडा कुठल्या जातीचा होता ते माहीत हवं.

मधुमेहाच्या मांजराला पिठूळ पदार्थ कमी आणि प्रथिनं जास्त असलेलं खाणं लागतं. निरोगी मोठ्या मांजरालाही ते चालतं, पण किडनीच्या मांजराला ते उलटं पडतं. इन्सुलिन चालू असताना खाणं मनाने बदलू नका. पिठूळ भाग कमी झाला की तोच डोस जास्त ठरू शकतो आणि साखर धोकादायक खाली जाते. मांजर जेवलं नसेल तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिननंतर ते लटपटायला लागलं किंवा झटके आले तर हिरड्यांना मध चोळा आणि थेट दवाखाना गाठा.

ॲलर्जीच्या चाचणीचं खाणं सर्वात कडक असतं. निदान आठ आठवडे त्या खाण्याशिवाय तोंडात काही जाता कामा नये. सातव्या आठवड्यात शेजारच्या वाटीतला चिकनचा एक घास गेला, तर चाचणीवर पाणी पडतं.

कुत्र्याचं खाणं मांजरासाठी नसतं, हेही सांगून ठेवतो, कारण एकच पिशवी दोघांना घालणारी घरं आमच्या पाहण्यात आहेत. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की हृदय फुगून दुबळं होतं, हे 1987 मध्ये अमेरिकेतल्या संशोधनातून पुढे आलं आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यातलं टॉरिन वाढवलं. टॉरिनअभावी डोळ्यांचा पडदाही खराब होतो. कुत्र्याच्या पिशवीत मांजरापुरतं टॉरिन असेल याची खात्री नसते.

वाटी दिवसभर भरून ठेवू नका

तुम्ही एवढंच केलंत तरी आमचं म्हणणं पोचलं असं समजू. दिवसभर भरलेली वाटी असलेल्या घरात पथ्य पाळलं जात नाही. खाणं वेळेवर मांडा, वीस ते तीस मिनिटांनी उचला आणि तेवढा वेळ तिथे बसा.

पहिले चार दिवस मांजरं आरडाओरडा करतील, पहाटे चारला उठवतील. त्या वेळी उठून मूठभर दाणे टाकले की पहाटे मागायचं हे ती पक्कं शिकतात. सकाळ-संध्याकाळ ठरलेली वेळ ठेवा. पिल्लू, मधुमेही किंवा खूप म्हातारं मांजर असेल तर दुपारचं आणि झोपण्याआधीचं जेवणही वेगळं ठरवा. निसर्गात मांजर दिवसभरात लहान लहान शिकार करून पुष्कळदा थोडंथोडं खातं आणि एकटं खातं. चार मांजरं एका परातीभोवती बसलेली दिसायला गोड वाटतात, पण त्यांतलं एखादं भीतीने भराभर गिळत असतं आणि एखादं मागे सरकून उपाशी राहत असतं. म्हणून वाट्या एकमेकांच्या नजरेआड असाव्यात.

जागा नाही, असं बरेच जण म्हणतात. आम्ही दोन खोल्यांच्या घरांतही हे बसवलेलं पाहिलं आहे. एकाला न्हाणीत, एकाला स्वयंपाकघरात आणि एकाला जिन्याच्या पायरीवर, मधली दारं लोटलेली. धाब्याचं घर असेल तर एकाची वाटी धाब्यावर जाऊ शकते, फक्त उन्हाच्या वेळी नाही. तरुण मांजराचं खाणं कोठीवर किंवा कपाटावर ठेवा. म्हाताऱ्या, सांधे आखडलेल्या किंवा जाड मांजराला तिथे उडी मारता येत नाही. पिल्लासाठी जाड खोक्याला त्याच्यापुरतं भोक पाडा आणि वाटी आत अशी सरकवा की मोठ्याचा पंजा पोचणार नाही. पिल्लू वाढलं की भोकाचा उपयोग संपतो, हे ध्यानात ठेवा.

मांजराच्या मानेतली चिप ओळखून त्याच्यासाठीच झाकण उघडणारी यंत्रंही मिळतात. ती चांगली असतात, पण महाग, आणि मांजराला चिप किंवा गळ्यात खास बिल्ला लागतो. दारं लोटून काम होत असेल तर आम्ही ती घ्यायला सांगत नाही. दिवसभर सगळे शेतात किंवा नोकरीवर असतील आणि आजारी मांजराला थोडंथोडं खावंच लागत असेल, तिथे त्यांचा खरा उपयोग आहे.

मुंग्यांसाठी वाटी पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा. वाट्यांचे रंग वेगळे ठेवा, म्हणजे घरातल्या लहानग्यांनाही कुणाचं काय ते कळतं.

नवीन खाणं हळूहळू सुरू करा

जुन्यात नवीन थोडंथोडं वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल करा. किडनीच्या मांजराला महिनाही लागू शकतो. ते मळमळत असताना किंवा सलाइन चालू असताना नवं खाणं पुढे करू नका. त्या वासाशी मळमळ जोडली जाते आणि नंतर ते तोंड लावत नाही. आधी उलट्या थांबू द्या. ओलं खाणं कोमट करून दिलं की वास सुटतो आणि म्हातारी मांजरंही पुढे येतात.

"भूक लागली की खाईल" हा हट्ट मांजराशी कधीही करू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर विशेषतः जाड मांजराच्या यकृतात चरबी साचून ते कावीळ होऊन दगावू शकतं. नवं खाणं खात नसेल तर जुनं द्या आणि डॉक्टरांना कळवा. पथ्याइतकंच त्याने खाणं गरजेचं आहे.

आजींचं दूध आणि आखाजीचे पाहुणे

पथ्य खरं मोडतं ते मायेने. सकाळच्या चहाच्या वेळी आजी बशीत दूध ओततात, जेवताना पायाशी आलेल्या मांजराला कोणी दूधभाकरी कुस्करून देतं. दादर ज्वारीची भाकरी मांजराला विष नाही, पण तिने पोट भरलं की पथ्याचं खाणं उरतं. दुधात फॉस्फरस असतो आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचतही नाही, जुलाब होतात. आजींना "देऊ नका" म्हणण्यापेक्षा पथ्याच्या खाण्यातलेच मोजून काढलेले थोडे दाणे एका डबीत घालून त्यांच्याजवळ द्या. देण्याचं समाधान त्यांना मिळतं आणि मापही बिघडत नाही. आमच्या घरी हाच उपाय टिकला.

कांदा आणि लसूण मात्र खरोखर विषारी आहेत, शिजवलेले, वाळवलेले, कसेही. त्यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याकडे काळ्या मसाल्यात, शेवभाजीच्या रश्शात, भरितात ते असतातच. रश्शातला चिकनचा तुकडा धुऊन दिला तरी मसाला आत मुरलेला असतो. द्यायचंच असेल तर फोडणीआधी, नुसत्या पाण्यात उकडलेला, हाड नसलेला तुकडा बाजूला काढा, आणि तोही डॉक्टरांनी हो म्हटलं तरच.

आखाजीला लेकी माहेरी येतात, घर पोराबाळांनी भरतं आणि प्रत्येक हात मांजराला काही ना काही देतो. त्या दिवसांत पथ्याच्या मांजराचं जेवण दार लावलेल्या खोलीत होऊ द्या आणि दारावर कागद चिकटवा: "हिला औषधाचं खाणं चालू आहे."

आपला उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो. ओलं खाणं अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उघडलेला डबा झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि वीज बराच वेळ गेली असेल तर टाकून द्या. कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्यात पाऊणशे टक्क्यांच्या वर. खडे आणि किडनीच्या मांजरांना उन्हाळ्यात ओलं खाणं परवडेल तितकं वाढवावं, असं आमचं मत आहे. पाण्याची भांडी मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, खाण्यापासून लांब, सावलीत. मातीचं पसरट भांडं पाणी गार ठेवतं.

वजन

चोरी कोण करतं ते काटा सांगतो. मांजराला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. पण शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक त्यात कळत नाही, म्हणून दुकानात लहान काटा ठेवला आहे. पंधरा दिवसांनी मांजर टोपलीत घालून आणा, पैसे लागत नाहीत.

चार किलोच्या नसबंदी झालेल्या घरबैठ्या मांजराला दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी पुरतात. म्हणजे बहुतेक कोरड्या खाण्याचे 50 ते 55 ग्रॅम. वाटीचा अंदाज चुकतो, ग्रॅममध्ये मोजा. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला एक टक्का पुरे. सहा किलोचा बोका पाच किलोवर यायला चार महिने लागतात, आणि तेवढे लागू द्यावेत. उलट एखादं म्हातारं मांजर खा-खा करतं आणि तरी वाळत जातं, तर खाणं वाढवून थांबू नका. मधुमेह किंवा थायरॉइड असू शकतो, रक्त तपासून घ्या.

हे दिसलं तर आधी डॉक्टर

बोका मातीच्या डब्यात वारंवार बसतो, कण्हतो आणि लघवी थेंबथेंब किंवा अजिबात होत नाही: त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना. मार्ग पूर्ण अडला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. खाणं बदलून बघण्याची ही वेळ नाही. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही, तुकडाभरही देऊ नका. ती त्याला मारते.

दुकानात येताना

डॉक्टरांची चिठ्ठी आणा. पथ्याचं खाणं आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, ओळखीच्या ग्राहकालाही नाही. घरातल्या सगळ्या मांजरांची वयं, वजनं आणि कोण काय खातं ते एका कागदावर लिहून आणा, फक्त आजारी मांजराचं नको. पहिल्यांदा लहान पिशवीच घ्या. मांजराने नाक मुरडलं आणि दुसरी पिशवी फोडलेली नसेल, तर ती आम्ही परत घेतो.