मोटारहोममधील राखीव एअर कॉम्प्रेसरची देखभाल

बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या मोटारहोममध्ये (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीत) ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि बहुधा सस्पेन्शनही. ही हवा इंजिनला जोडलेला कॉम्प्रेसर पुरवतो. तो नादुरुस्त झाला किंवा गाडी बरेच दिवस उभी राहून टाक्यांतली हवा उतरली, की राखीव कॉम्प्रेसर कामाला येतो. हा बॅटरीवर चालणारा, बहुतेकदा तेल न लागणारा छोटा पंप असतो. लहान व्हॅनवर बांधलेल्या मोटारहोमचे ब्रेक हायड्रॉलिक असतात. तिथे असा पंप टायरपुरता ठेवतात.

हवा गेली की मोठी गाडी जागची हलत नाही, कारण तिचा हँडब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. दाब साधारण ४ किलोवर आला (हवेचा दाब बारमध्ये मोजतात, फिटर बारला किलोच म्हणतात) की इशारा वाजतो. आणखी उतरला की स्प्रिंग चाके आवळते. खंबाटकी घाटात अशी अडकलेली गाडी, गळती बंद केल्यावर, कडेच्या सुरक्षित जागी नेता यावी एवढेच राखीव कॉम्प्रेसरचे काम. त्याच्या भरवशावर घाट उतरणे जिवावर बेतेल. १०० लिटरच्या टाक्या रिकाम्या असताना ७ किलोपर्यंत भरायला ७०० लिटर हवा लागते. मिनिटाला ३५ लिटर देणाऱ्या पंपाला त्यासाठी सलग २० मिनिटे चालावे लागते, आणि सलग चालणे त्याला सोसत नाही.

पुण्याला कॉम्प्रेसर नवा नाही. किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी इथे १९५८ साली उभी राहिली. पण कारखान्यातला कॉम्प्रेसर तासन्‌तास चालण्यासाठी घडवलेला असतो. बॅटरीवरच्या पंपाला दहा मिनिटे चालवून वीस-तीस मिनिटे थंड होऊ द्यावे लागते, एप्रिल-मेच्या उन्हात तर नक्कीच.

खरा शत्रू पाणी. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. जून ते सप्टेंबर पुण्याची हवा दमट, आणि नेमक्या त्याच दिवसांत बरीच मोटारहोम उभी असतात. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक खाली भांडे धरून हळू उघडावा. आधी पाणी येते, मग फुस्स करून हवा. थोडे, नितळ पाणी आले तर काळजी नाही. तांबूस आले तर टाकी आतून गंजते आहे. ताकासारखे पांढरट आले तर त्यात तेल मिसळले आहे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. पाणी वारंवार येत राहिले तर एअर ड्रायरचे, म्हणजे हवेतला ओलावा शोषणाऱ्या भागाचे, काडतूस बदलायला झाले.

पंप महिन्यातून एकदा तरी चालवावा. न वापरता ठेवलेला पंप ऐन वेळी अडकतो. त्याच्या हवेच्या गाळणीवरची धूळ झाडावी, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. टाकीतली हवा पंपात उलटी येऊ नये म्हणून नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो गळू लागला की पंपाला भरल्या दाबावर सुरू व्हावे लागते, तो जास्त करंट ओढतो आणि फ्यूज उडतो. अशा वेळी मोठा फ्यूज टाकला की वायर जळते. व्हॉल्व्हच बदलावा.

जोड तपासायला सस्पेन्शनच्या एअर बॅगांवर (हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर) उचललेल्या गाडीखाली शिरू नये. बॅगेची हवा क्षणात उतरते आणि गाडी खाली बसते. आधी सांगाड्याखाली घोड्या (आधाराचे लोखंडी स्टँड) लावाव्यात.