कर्नलमधली लिंक्ड लिस्ट वेगवान करताना आम्ही काय करतो, काय करत नाही

आपल्या उपकरणासाठी लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जुळवून देताना सगळ्यात जपून हात लावावा लागतो तो लिंक्ड लिस्टच्या हेल्पर कोडला. लिंक्ड लिस्ट म्हणजे पॉइंटरने, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याने, एकमेकींना जोडलेल्या नोंदींची (नोडांची) यादी. नोड जोडणं, काढणं, यादीवरून फिरणं, एवढंच त्याचं काम. पण ही फंक्शन्स इनलाइन असतात. वापर होईल तिथे कंपायलर त्यांची प्रत उतरवतो, त्यामुळे इथे वाढलेली प्रोसेसरसाठीची एक सूचना कर्नलभर हजारो ठिकाणी वाढते.

‘यादी फिरायला वेळ लागतोय’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा दोष सूचनांचा नसतो, मेमरीचा असतो. नोड विखुरलेले असतात आणि पुढचा पत्ता हाती येईपर्यंत प्रोसेसर ताटकळतो. मग पुढचा नोड आधीच मागवून ठेवला तर? कर्नलमध्ये पूर्वी तसंच होतं. मोजून पाहिल्यावर उलटंच निघालं. हॅश टेबलातल्या (नोंदी अनेक छोट्या याद्यांत वाटून ठेवणाऱ्या रचनेतल्या) याद्या आखूड असतात, शेवटचा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा असतो, आणि त्या नलसाठी केलेली आगाऊ मागणीच महाग पडत होती. 2011 साली ही मागणी नेहमीच्या फेऱ्यांमधून काढून टाकली गेली. म्हणून आम्ही पर्फने (लिनक्सवर वेग मोजायच्या साधनाने) मोजल्याशिवाय एक ओळही बदलत नाही.

खरा फायदा मेमरी वाचवण्यात असतो. 64 बिटांच्या यंत्रावर साध्या यादीच्या हेडमध्ये (यादी जिथून सुरू होते त्या भागात) दोन पॉइंटर, म्हणजे 16 बाइट. एचलिस्टच्या, म्हणजे हॅश टेबलासाठीच्या कर्नलमधल्या यादीच्या हेडमध्ये एकच, 8 बाइट. 1024 बकेटांचं (प्रत्येक बकेटात एका यादीचं हेड) टेबल 16 केबीवरून 8 केबीवर येतं आणि 64 बाइटांच्या एका कॅशे लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी आणतो त्या तुकड्यात) चारऐवजी आठ हेड मावतात. यात यादीचं शेवटचं टोक थेट गाठता येत नाही, पण हॅश टेबलात त्याची गरज सहसा पडतही नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. काढलेल्या नोडच्या पॉइंटरांत कर्नल मुद्दाम निरुपयोगी पत्ते भरतो, म्हणजे तो नोड चुकून पुन्हा वापरला तर चूक तिथेच उघडी पडते. मेमरीत लिहिण्याच्या दोन सूचना वाचवायला आम्ही हे काढणार नाही. 2023 च्या 6.6 आवृत्तीपासून तर शेजारच्या नोडांचे पॉइंटर जुळतात का, ही तपासणीही स्वस्तात मिळते: तुलना तेवढी इनलाइन, आणि बिघाड आढळला तरच बाहेरचं फंक्शन बोलावलं जातं. तो पर्याय आम्ही चालू ठेवूनच कर्नल देतो.

काम सुरू करण्याआधी उपकरणावर रोजचा खरा भार असतानाची पर्फची नोंद आम्हाला द्या. रिकाम्या यंत्रावरचे आकडे चालणार नाहीत.