अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागत नाही? लागतो!

‘अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी केली की झालं.’ इंदिरानगर असो की सातपूर, नाशकात खोली बघायला गेलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चुकीचं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ आहे. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा.

नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माझ्या भाच्याला घरमालकाने रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट परत द्यायचं नाकारलं. वर ऐकवलं, ‘तुझा करार नोंदवलेलाच नाही, काय करणार?’ पोरगं घाबरून गप्प बसलं. खरं तर कायदा उलट सांगतो: नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच ग्राह्य, घरमालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत. म्हणून ऑनलाइन भरलेल्या डिपॉझिटची नोंद, भाड्याच्या पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा. घर सोडताना भिंतींचे, नळांचे फोटो काढा, मग वकिलामार्फत नोटीस द्या.

आणि भांडण झालं म्हणून पाणी-वीज तोडणं? कलम २९ नुसार सबळ कारणाशिवाय तेही करता येत नाही.